ऑनलाइन दुकानाचे मापी बिल : तराजू कोणाचा, माप कोणते?

भिवंडीच्या कापड बाजारात आज असा गाळा क्वचितच सापडेल, जिथे घरातला एखादा मुलगा किंवा पुतण्या मोबाईलवर कापडाचे फोटो टाकून गिऱ्हाईक शोधत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने दलालामार्फत माल विकला. आमच्या पिढीने फोनवर आणि व्हॉट्सॲपवर विकला. पुढची पिढी ऑनलाइन विकू पाहते आहे. माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या भागांत ऑनलाइन व्यापाराची मोठमोठी गोदामे डोळ्यांदेखत उभी राहिली. तेव्हा हा व्यापार दूरचा राहिलेला नाही, तो आपल्या वेशीत आला आहे.

काही जण दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारात माल ठेवण्यावर समाधानी नाहीत. त्यांनी स्वतःच्या नावाचे ऑनलाइन दुकान उघडले आहे. ही उमेद चांगली आहे. पण दुकान उघडले की भाडे आले, आणि हे भाडे गाळ्याच्या भाड्यासारखे नाही. दर महिन्याला बिल येते, ते इंग्रजीत असते, रक्कम दर वेळी वेगळी असते आणि त्यात दहा-बारा ओळी असतात. त्यातली एक ओळ असते 'लोड बॅलन्सर'ची. मुलगा सांगतो, "अब्बा, जेवढा वापर तेवढे पैसे." मग प्रश्न पडतो की ज्या महिन्यात गिऱ्हाईकच फिरकले नाही, त्या महिन्यातही या ओळीत पैसे कसे लागले?

प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही साधे आहे. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, संगणकाची भाषा आमच्या वाट्याला आली नाही. पण हिशेब आमच्या वाट्याला आला आहे, आणि हे सारे प्रकरण शेवटी हिशेबाचेच आहे. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. मापाने पैसे देणे गैर नाही, ते इन्साफाचे आहे. मात्र ज्याला माप वाचता येत नाही, त्याने मापाच्या सौद्यात हात घालू नये.

लोड बॅलन्सर म्हणजे कोण?

ऑनलाइन दुकान ज्या यंत्रावर चालते त्याला सर्व्हर म्हणतात. गिऱ्हाईकाने मोबाईलवर दुकान उघडले की त्याची मागणी सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर फोटो, भाव, माहिती पाठवतो. एक सर्व्हर एका वेळी ठरावीक गिऱ्हाईकेच सांभाळू शकतो. गर्दी वाढली की दोन, चार, दहा सर्व्हर लावावे लागतात. मग कोणते गिऱ्हाईक कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचे, हे ठरवणारा कोणीतरी दारावर लागतो. तोच लोड बॅलन्सर.

लग्नसराईत मोठ्या दुकानात दारावर एक हुशार माणूस उभा असतो. "तुम्ही डावीकडच्या काउंटरवर या, तुम्ही वरच्या मजल्यावर जा," असे तो सांगतो. कोणत्या काउंटरवर गर्दी कमी आहे हे तो पाहतो. एखादा सेल्समन जेवायला गेला असेल तर त्याच्याकडे कोणाला पाठवत नाही. लोड बॅलन्सर नेमके हेच करतो. मागचे सर्व्हर चालू आहेत की नाही हे तो दर काही सेकंदांनी तपासतो आणि बंद पडलेल्याकडे गिऱ्हाईक धाडत नाही.

गर्दी एकदम आली की काय होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. 28 एप्रिल 2021 रोजी अठरा वर्षांवरील लोकांच्या कोविड लसीची नोंदणी कोविन पोर्टलवर सुरू झाली, तेव्हा सारा देश एकाच वेळी त्या दारावर धावला आणि पहिल्या काही मिनिटांत अनेकांना आत जाताच आले नाही. उलट 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा डिस्ने हॉटस्टारवर एका क्षणी 5 कोटी 90 लाख प्रेक्षक एकाच वेळी सामना पाहत होते, असे त्या कंपनीने जाहीर केले होते. सामना संपला की ही गर्दी घरी जाते. अशा गर्दीसाठी वर्षभर यंत्रे विकत घेऊन ठेवणे परवडणारे नाही. म्हणून यंत्रे भाड्याने घ्यायची, काम झाले की परत करायची. यालाच क्लाउड म्हणतात. ॲमेझॉनने हा धंदा 2006 साली मोठ्या प्रमाणावर सुरू केला आणि लोड बॅलन्सरही भाड्याने देण्याची सोय मे 2009 मध्ये आणली. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये, ॲमेझॉनने जून 2016 मध्ये आणि गूगलने 2017 मध्ये आपल्या राज्यात ही सेवा देणारी केंद्रे उघडली. नाव 'क्लाउड' म्हणजे ढग असले तरी ही यंत्रे ढगात नाहीत. तीही आपल्या मागांप्रमाणे जमिनीवर, इमारतीत, विजेवर चालतात.

माप आपल्याला नवे नाही

वापराप्रमाणे दाम हा प्रकार भिवंडीला कोणी शिकवायला नको. आपली जॉबवर्कची मजुरी कशी ठरते? सूत व्यापाऱ्याचे, माग विणणाऱ्याचे आणि मजुरी पिकावर. एका इंचात आडवे धागे किती बसले, ते पिक. समजा पिकाला 8 पैसे ठरले आणि कापड 50 पिकाचे असेल, तर मीटरला 4 रुपये मजुरी झाली. माग दिवसभर चालला की बंद होता, याच्याशी सूत देणाऱ्याला देणेघेणे नाही. जितके विणले तितके पैसे. हेच मापी बिल.

दुसरे उदाहरण विजेचे. 26 जानेवारी 2007 पासून भिवंडीत महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर ही कंपनी फ्रँचायझी म्हणून वीज वितरण पाहते. विजेचे दर मात्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. आपले बिल काढून पाहा. त्यात युनिटचा आकार वेगळा आणि स्थिर किंवा मागणी आकार वेगळा असतो. एक युनिटही जाळले नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. मोठ्या जोडणीवर मीटर आणखी एक गोष्ट टिपतो. महिन्याभरात एखाद्या वेळी आपण एकदम जास्तीत जास्त किती भार ओढला, तेही तो लिहून ठेवतो. सगळे माग एकदम चालू करणारा आणि टप्प्याटप्प्याने चालू करणारा यांची युनिटे सारखी असली तरी मागणी आकार सारखा येईलच असे नाही.

या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, माप कशाचे हे आधी ठरलेले असते. दुसरी, मापी बिलातही न मापलेला, स्थिर असा एक भाग असतो. लोड बॅलन्सरचे बिल या दोन्हींच्या मिश्रणातून बनते.

एका काट्याची चार पारडी

उदाहरण म्हणून ॲमेझॉनचा वेबसाइटसाठी वापरला जाणारा लोड बॅलन्सर घेऊ. ऑगस्ट 2016 मध्ये आलेल्या या प्रकाराचे बिल दोन भागांत असते.

पहिला भाग तासाचे भाडे. दारावर माणूस उभा केला, की गिऱ्हाईक येवो न येवो, त्याचा तास लागला. अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्रात याचा जाहीर दर तासाला 2.25 सेंट आहे. महिन्याचे 720 तास धरले तर 16 डॉलर 20 सेंट झाले. मुंबईचा दर किंचित वेगळा आहे, पण हिशेबाची रीत तीच.

दुसरा भाग वापराचा. त्याच्या मापाला एल.सी.यू. म्हणतात. हे माप मोठे गमतीचे आहे. त्याला एक नव्हे, चार पारडी आहेत. एका एल.सी.यू.मध्ये दर सेकंदाला 25 नवी कनेक्शने बसतात, किंवा एका मिनिटात 3000 चालू कनेक्शने, किंवा तासाला 1 जी.बी. माल, किंवा सेकंदाला 1000 नियमांची तपासणी. नियम म्हणजे 'साड्यांची चौकशी या सर्व्हरकडे, ड्रेस मटेरियलची त्या सर्व्हरकडे' अशा सूचना. त्यातले पहिले दहा नियम मोफत असतात.

आता नीट लक्ष द्या. या चारांची बेरीज होत नाही. दर तासाला चारही पारडी पाहिली जातात आणि जे सर्वांत जड असेल, त्याच एकाचे पैसे लागतात. दर एका एल.सी.यू.ला तासाला 0.8 सेंट. म्हणजे एखाद्याकडे गिऱ्हाईके फार पण माल हलका, तर त्याचे बिल कनेक्शनांवर. दुसऱ्याकडे गिऱ्हाईके थोडी पण फोटो जड, तर त्याचे बिल जी.बी.वर. दोघांचे बिल एकच आले तरी कारण वेगळे आणि इलाजही वेगळा.

विजेच्या मागणी आकारापेक्षा हे एका बाबतीत सौम्य आहे. विजेत एका वेळची उंच मागणी महिन्याच्या हिशेबात धरली जाते. इथे एका तासाची गर्दी त्याच तासापुरती मोजली जाते. पुढचा तास शांत गेला तर त्याचे माप पुन्हा खाली येते.

सगळ्या कंपन्यांचा तराजू असाच नाही. गूगलकडे दाराचे तासाचे भाडे आणि त्यावर दर जी.बी.चा दर अशी सोपी रीत आहे. ॲमेझॉनच्याच दुसऱ्या प्रकारच्या लोड बॅलन्सरमध्ये, जो सप्टेंबर 2017 मध्ये आला, एका मापात सेकंदाला 800 नवी कनेक्शने बसतात. म्हणून 'अमक्याला इतके बिल आले, तर मलाही तितकेच यायला हवे' असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याचा काटा कोणता आहे, ते आधी पाहावे लागते.

एका दुकानाची आकडेमोड

समजा एका कापड व्यापाऱ्याचे ऑनलाइन दुकान आहे. सरासरी तासाला 10 जण येतात. प्रत्येक जण दहा फोटो पाहतो. फोटो मोठ्या कॅमेऱ्याचे आहेत, एकेक 2 एम.बी.चा. म्हणजे एका गिऱ्हाईकामागे 20 एम.बी. आणि तासाला 200 एम.बी. माल गेला. जी.बी.च्या पारड्यात हे 0.2 एल.सी.यू. झाले. बाकीची पारडी याहून हलकी आहेत. 720 तासांचे वापराचे बिल किती? 1 डॉलर 15 सेंट. आणि तासाचे भाडे? 16 डॉलर 20 सेंट. म्हणजे 'वापराप्रमाणे पैसे' म्हणून घेतलेल्या वस्तूत वापराचा वाटा एक आणि स्थिर भाड्याचा वाटा चौदा! गिऱ्हाईक न फिरकता बिल कसे आले, त्याचे उत्तर हे आहे.

एवढ्यावर संपत नाही. या लोड बॅलन्सरला किमान दोन वेगवेगळ्या जागी पाय ठेवावे लागतात. बाहेरच्या गिऱ्हाईकांसाठी असलेल्या दाराला प्रत्येक जागी एक इंटरनेट पत्ता लागतो. 1 फेब्रुवारी 2024 पासून ॲमेझॉन अशा प्रत्येक पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेते. दोन पत्त्यांचे महिन्याला 7 डॉलर 20 सेंट झाले. आणि हे बिलात लोड बॅलन्सरच्या नावाखाली दिसत नाहीत, वेगळ्या ओळीत दिसतात.

मग माल बाहेर जाण्याचे पैसे. क्लाउडमध्ये माल आत आणणे बहुधा मोफत आणि बाहेर नेणे पैशाचे. महिन्याला पहिले 100 जी.बी. मोफत, त्यापुढे व्हर्जिनियात जी.बी.ला 9 सेंट, मुंबईत सुमारे 11 सेंट. आपल्या दुकानातून महिन्याला 144 जी.बी. गेले. वरच्या 44 जी.बी.चे 3 डॉलर 96 सेंट. एकूण साडेअठ्ठावीस डॉलर. सर्व्हरचे भाडे यात धरलेले नाही, ते वेगळे.

आता ईदच्या आधी या व्यापाऱ्याने सहा तासांचा सेल लावला. जाहिरात चांगली झाली, तासाला 5000 जण आले. प्रत्येकी 20 एम.बी. म्हणजे तासाला 100 जी.बी. जी.बी.चे पारडे 100 एल.सी.यू.वर गेले. सहा तासांचे लोड बॅलन्सरचे वाढीव बिल 4 डॉलर 80 सेंट. आणि बाहेर गेलेल्या 600 जी.बी.चे? 54 डॉलर. त्या महिन्याचे बिल 87 डॉलरवर गेले, म्हणजे सात हजार रुपयांच्या वर.

मुलाला वाटेल की गिऱ्हाईके आली म्हणून बिल वाढले. वडिलांनी विचारावे, गिऱ्हाईके आली म्हणून की फोटो जड होते म्हणून? मोबाईलच्या छोट्या पडद्यावर 2 एम.बी.चा फोटो आणि नीट बारीक केलेला 200 के.बी.चा फोटो यांत गिऱ्हाईकाला फारसा फरक दिसत नाही. फोटो दहापट हलके केले तर साऱ्या महिन्याचा माल, सेल धरून, 75 जी.बी.च्या आत राहतो. बाहेर जाण्याचे पैसे शून्य होतात. बिल येते 24 डॉलर, दोन हजार रुपयांच्या थोडे वर. एकही गिऱ्हाईक कमी झाले नाही आणि पाच हजार रुपये वाचले. माप वाचता येण्याचा फायदा तो हा.

पण या 24 डॉलरकडे पुन्हा एकदा पाहा. त्यातले 23 डॉलर 40 सेंट तासाचे भाडे आणि पत्ते यांचे आहेत. आता कितीही काटकसर केली तरी हे कमी होणार नाहीत. म्हणजे इथे प्रश्न काटकसरीचा राहिला नाही. प्रश्न असा आहे की तासाला दहा गिऱ्हाईके येणाऱ्या दुकानाला दारावर माणूस हवाच कशाला? काउंटर एकच असेल तर वाटून देणार कोणाला? सर्व्हर एकच आहे आणि तो बंद पडला तर तासभर थांबणे चालण्यासारखे आहे, अशा व्यापाऱ्याने लोड बॅलन्सर न घेणेच शहाणपणाचे. कारागीर चांगला असेल तर तो स्वतःच हे सांगेल. पण पुष्कळदा मोठ्या कंपनीसाठी केलेला नकाशाच छोट्या दुकानाला चिकटवला जातो आणि भाडे व्यापारी भरत राहतो.

मीटर आहे, फ्यूज नाही

मापी बिलाचे काही धोके आहेत, तेही सांगितले पाहिजेत.

माप गिऱ्हाईक ओळखत नाही. दुकान पाहायला आलेला खरा खरेदीदार आणि इंटरनेटवर आपोआप फिरणारे यांत्रिक भटके, दोघांचे माप सारखेच लागते. कोणी खोडसाळपणे खोटी गर्दी पाठवली तर तीही मोजली जाते. त्यापासून बचावाच्या सोयी आहेत, पण त्या समजून लावून घ्याव्या लागतात.

काम संपले तरी मीटर थांबत नाही. सेलसाठी लावलेला दुसरा लोड बॅलन्सर सेलनंतर काढायचा राहून गेला, मागचे सर्व्हर बंद केले पण दारावरचा माणूस तसाच उभा ठेवला, तर त्याचा तास लागतच राहतो. रिकाम्या कारखान्यात दिवे जळत ठेवण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच की जळता दिवा रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो, हा दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या मीटरला फ्यूज नाही. विजेचा भार जास्त झाला तर फ्यूज उडतो, काम थांबते, पण नुकसानही थांबते. क्लाउडमध्ये बजेटची सूचना लावता येते. 'अमुक रकमेच्या वर गेले तर ई-मेल पाठव' असे सांगता येते. पण ती सूचना आहे, बंदी नव्हे. ई-मेल येतो आणि मीटर फिरत राहतो. म्हणून तो ई-मेल अशा माणसाकडे गेला पाहिजे, जो तो त्याच दिवशी वाचेल.

आणखी एक गोष्ट. दर डॉलरमध्ये ठरतात. आपल्याला बिल रुपयांत मिळाले तरी डॉलर चढला की बिल चढते. वर 18 टक्के जी.एस.टी. लागतो. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने खात्यात आपला जी.एस.टी. क्रमांक टाकला असेल तर नियमाप्रमाणे इनपुट क्रेडिट मिळू शकते. कित्येकांनी तो टाकलेलाच नसतो आणि दर महिन्याला हक्काचे पैसे सुटतात. आपल्या सी.ए.ला एकदा विचारून घ्या.

उक्ते बरे की मापी?

आमचे काही जुने व्यापारी म्हणतात, "हे मापाचे झंझट नको. उक्ते ठरवा, महिन्याला इतके, की डोके शांत." या म्हणण्यात तथ्य आहे. उक्त्या भाड्यात रक्कम आधी कळते. बाजारात महिन्याच्या ठरावीक भाड्याने सर्व्हर देणारे पुष्कळ आहेत आणि छोट्या दुकानाला ते पुरतात. ज्याच्याकडे रोजची गर्दी जवळपास सारखी असते, त्याला मापाचा काहीच फायदा नाही. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या 37 सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर 2022 मध्ये क्लाउड सोडत असल्याचे जाहीर केले आणि 2023 मध्ये स्वतःची यंत्रे विकत घेऊन काम तिकडे हलवले. त्यांचे कारण हेच होते : आमचे काम बाराही महिने सारखे, मग भाडे का भरायचे?

पण उक्त्याचीही किंमत असते. उक्ता भाव देणारा आपली जोखीम भावात धरतोच. आणि गर्दीच्या दिवशी उक्त्या सर्व्हरची ताकद संपली की दुकान बंद पडते. वर्षातले चार दिवस ज्याची निम्मी विक्री होते, त्याला त्याच चार दिवसांत शटर पडणे परवडत नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कापडवाल्याला हे सांगावे लागत नाही. अशांसाठी मापी बिलच इन्साफाचे. आठ महिने थोडे द्या, गर्दीत जास्त द्या.

तेव्हा उक्ते की मापी, हा तत्त्वाचा वाद नाही. आपला धंदा सपाट आहे की चढउताराचा, हे आधी पाहावे. सपाट असेल तर उक्ते. चढउतार असेल तर मापी. आणि दोन्ही असेल तर रोजच्या कामापुरते उक्ते घेऊन गर्दीपुरते मापी लावावे. आपल्या कारखान्यात कायमचे कामगार वेगळे आणि सीझनचे वेगळे असतातच ना!

इथे आयोग नाही

विजेचे दर वाढणार म्हटले की आयोगापुढे जाहीर सुनावणी होते. यंत्रमागधारकांच्या संघटना हरकती नोंदवतात. निकाल मनासारखा लागेलच असे नाही, पण बोलायला जागा आहे. क्लाउडच्या दरांना असा आयोग नाही. खाते उघडताना जो करार न वाचता मान्य केला, तोच कायदा. पत्त्यांवर आकार लावायचा निर्णय कंपनीने घेतला, तारीख जाहीर केली आणि तो लागू झाला.

मग आपल्या हातात काय राहते? दुकान हलवण्याची मुभा. गिऱ्हाईक उठून जाऊ शकते, हीच व्यापारातली खरी सुनावणी. या बाबतीत थोडी सुधारणा झाली आहे. कायमचे सोडून जाणाऱ्या गिऱ्हाईकाकडून माल बाहेर नेण्याचे पैसे घेणार नाही, असे गूगलने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. मार्च 2024 मध्ये ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टनेही तसेच केले. युरोपात तर यासाठी कायदाच झाला असून तो 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आहे. पण ही मुभा त्यालाच उपयोगाची, ज्याचे खाते त्याच्या स्वतःच्या नावावर आहे.

आणि इथेच आपले लोक चुकतात. दुकान बनवून देणाऱ्याच्या खात्यावर आपले दुकान चालते. बिल त्याच्याकडे येते. तो आपल्याला उक्ती रक्कम सांगतो. खरे माप काय होते, ते आपल्याला कधीच दिसत नाही. तो प्रामाणिक असेलही. पण त्याच्याशी बिनसले, तो शहर सोडून गेला, तर दुकानाची किल्ली त्याच्या खिशात राहते. आपण गाळा दुसऱ्याच्या नावावर घेतो का? मग हे दुकान का घ्यावे?

काय करावे?

व्यापारी बंधूंनी आपल्या संगणकवाल्याला पुढील प्रश्न विचारावेत. खाते कोणाच्या नावावर आहे? मूळ बिल दर महिन्याला मला मिळेल का? आपल्याकडे सर्व्हर किती आहेत, आणि एकच असेल तर लोड बॅलन्सर कशासाठी? बिलातला स्थिर भाग किती आणि वापराचा किती? वापराच्या चार पारड्यांपैकी आपले कोणते जड आहे? बजेटची सूचना लावली आहे का, आणि तिचा ई-मेल कोणाकडे जातो? न लागणारी कोणती वस्तू चालू राहिली आहे का? एवढ्या प्रश्नांची उत्तरे साध्या भाषेत न देऊ शकणारा माणूस बदलावा.

दुसरी सूचना सर्वांसाठी. आपल्या बाजारात सूत, बीम, सायझिंग, वीज या विषयांवर व्यापारी एकत्र बसतात. तसेच महिन्यातून एकदा हे बिलही चार जणांनी एकत्र बसून वाचावे. मुलांनी बिल आणावे, वडिलांनी हिशेब लावावा. मुलांना यंत्र कळते, वडिलांना माप कळते. ही दोन ज्ञाने एका घरात असून एकमेकांना भेटत नाहीत, ही खरी हानी आहे.

पिकाला पैसा ठरवताना आपण भिंग लावून धागे मोजतो. एका इंचात दोन धागे कमी निघाले तर तागा परत करतो. तेच भिंग या बिलावर लावायला फार मोठे शिक्षण लागत नाही. पुढच्या महिन्याचे बिल आले की ते मुलाच्या हातात तसेच देऊ नका. त्याला समोर बसवा आणि एकेक ओळ विचारा.